दादाचा घास, माझा अहवाल

बायकोला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, आणि ज्या टेबलापाशी सांगायला हवं होतं तिथे तर चहाच्या कपात बघत बसलो. ते आधी सांगून टाकतो. त्या रविवारी दादाच्या घशात वडा अडकला तो माझ्या हातून. त्याला सांभाळणाऱ्या मावशींचा त्यात काही दोष नव्हता. मावशी तिथे नव्हत्याच, कारण मीच त्यांना एका फोटोसाठी तिथून घालवलं होतं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण मी तिसरीत गेलो तेव्हा तो माझ्या मागच्या वर्गात होता, आणि मग तिथूनही त्याला घरी पाठवलं. त्याच्याजवळ पंधरावीस शब्द आहेत. त्यातला एक माझ्यासाठी आहे: बाळ. मला टक्कल पडलं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी मी बाळच. आई होती तोवर तो कर्जतजवळच्या आमच्या गावच्या घरी तिच्यासोबत राहिला. आई गेली आणि पाच महिन्यांत मी त्याला निवासी संस्थेत ठेवलं. "तिथे त्याच्यासारखी माणसं आहेत, त्याला करमेल," असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. त्याला कुणी विचारलं नाही. मी तर जन्मभर माझ्यासारख्याच माणसांत राहिलो आहे. मला काही फारसं करमलेलं नाही.

संस्था कर्जत आणि खालापूरच्या मधे, मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. चाळीसेक माणसं राहतात, पुरुषांचा एक हॉल आणि बायकांचा एक. दारावरच्या पाटीवर पूर्वी 'मतिमंद' असं होतं, मग 'विशेष' आलं, आता 'दिव्यांग' आहे. प्रत्येक नव्या पाटीच्या वेळी फीत, नारळ, पेढे आणि भाषणं झाली. न्हाणीघराच्या दाराची कडी मात्र पहिल्या पाटीच्या काळात तुटली ती तशीच आहे. आत कुणी आंघोळ करत असलं की दाराला बाहेरून बादली लावतात.

आमच्या भागात आता भातापेक्षा फार्महाउसांचं पीक मोठं आहे. शनिवारी मुंबईची माणसं येतात, तलावात डुंबतात, आणि रविवारी परत जाण्याआधी थोडं पुण्य करून जावं असं त्यांना वाटतं. त्यासाठी संस्थेच्या ऑफिसबाहेर एक फळा आहे. तारीख, नाश्ता, जेवण, प्रसंग. प्रसंगाच्या रकान्यात कुणाचा पहिला वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, कुणाचा लग्नाचा पंचविसावा, आणि एकदा तर मी 'नवीन गाडीनिमित्त' असंही वाचलं आहे. रविवार तीन-तीन महिने आधी भरतो. बुधवार कुणालाच नको असतो. त्यामुळे आमच्या माणसांना रविवारी नऊला केक, साडेबाराला श्रीखंडपुरी, पाचला पावभाजी मिळते, आणि बुधवारी पातळ आमटी. दर रविवारी ती ओळीत उभी राहून अनोळखी पोरांना हॅपी बर्थडे म्हणतात. त्यांचे स्वतःचे वाढदिवस रजिस्टरमध्ये बघा, निम्म्यांचा एक जून आहे.

पाहुण्यांना नुसतं वाढून चालत नाही. त्यांना भरवायचं असतं. अधीक्षक हात चोळत म्हणतात, "या, या, स्वतःच्या हाताने भरवा. त्यांना फार बरं वाटतं." मग कॅमेरे निघतात. पन्नाशीचा माणूस, ज्याला स्वतःच्या हाताने छान जेवता येतं, तो हात मांडीवर ठेवून तोंड उघडून बसतो. त्याला तसं बसायला शिकवलेलं असतं.

या सगळ्यात मावशी एकट्या अशा होत्या की ज्यांना पाहुणे घाबरायचे.

मावशी कोंडाणे लेण्यांच्या बाजूच्या, पायथ्याच्या एका वाडीतल्या. रोज पुरुषांच्या हॉलवर त्यांची पाळी असे. दादा संस्थेत आला तेव्हा जेवताना खोकायचा. संस्थेत महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ह्याचं गिळणं मंद आहे, घास तोंडात राहतो, घाई केली तर श्वासनलिकेत जाईल. त्यांनी एक कागद लिहून दिला: मऊ, कुस्करलेलं, ओलं. एका वेळी एक चमचा. पहिला गेल्याशिवाय दुसरा नाही. अधीक्षकांनी त्या कागदाला प्लॅस्टिक चढवून भिंतीवर लावला आणि त्यांच्या बाजूने काम संपलं. मावशींनी त्यातून एक पद्धत काढली. चमचा दिला की त्या थाळीच्या कडेवर बोट ठेवून थांबायच्या. दादा चावायचा, गिळायचा. मग त्या म्हणायच्या, "दाखव." दादा आ करायचा, जीभ वर, जीभ खाली. तोंड रिकामं असेल तर "शाब्बास रं माझ्या राजा," आणि पुढचा चमचा. रिकामं नसेल तर "हाय अजून. गिळ, गिळ, कोण पळवून नाय नेत." एका जेवणाला पाऊण तास. हॉलमधल्या सोळांपैकी चौघांना असं भरवायला लागायचं, आणि त्या चौघांनाही दाखवायला लावायच्या.

काही महिन्यांनी दादाला सांगावंही लागेना. घास झाला की आपणच आ करून दाखवायचा. आणि इथेच पाहुण्यांची फसगत व्हायची. त्यांना वाटायचं, आणखी मागतोय. "अगं, किती भूक आहे बघ त्याला," म्हणून पुढचा घास तयार. मावशी मधे हात घालायच्या.

"ताई, थांबा. तो मागत नाय, दाखवतोय."

"काय दाखवतोय?"

"तोंड. तुमच्या पोराला डॉक्टर बोलतो ना आ कर, तसं. आता ह्यो शिरा तुमीच खा, तुमी लय वाळल्या हायसा."

अधीक्षकांकडे तक्रारी जायच्या. एका बाईंनी तर फळ्यावरची आपली पुढची तारीख पुसायला लावली होती.

आता माझ्याविषयी. मी खालापूरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. हेल्मेट, हातमोजे, 'सुरक्षा प्रथम' ही पाटी, हे सगळं माझं. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात मी रबरी पुतळा टेबलावर घेऊन प्रथमोपचार शिकवतो. घशात काही अडकलं तर माणसाला पुढे वाकवा, पाठीवर दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा. पुतळ्याच्या तोंडातून बूच उडतं, टाळ्या पडतात. एक वाक्य मी दर वर्षी म्हणतो, आवाज खाली आणून: "लक्षात ठेवा, गुदमरणाऱ्या माणसाचा आवाज येत नाही." मग दोन सेकंद थांबतो. परिणाम चांगला होतो.

या अशा माणसाला संस्थेने व्यवस्थापन समितीवर पालक प्रतिनिधी म्हणून घेतलं नसतं तरच नवल. महिन्यातून एक बैठक, सामोसे, ठराव. त्यातल्या एका ठरावावर माझी सही आहे आणि ती सहीही मी आजवर कुठे सांगितलेली नाही. अधीक्षक म्हणाले, रविवारी देणगीदार येतात, तेच प्रेमाने भरवतात, तेव्हा रविवारी पुरुषांच्या हॉलला दोन मावश्यांची गरज काय? एकीला सुट्टी देता येईल. अध्यक्ष म्हणाले, उत्तम कल्पना. मी म्हणालो, "अनुमोदन." ज्या दिवशी सर्वांत जास्त अनोळखी हात सर्वांत जास्त गोड पदार्थ घेऊन येतात, त्या दिवशी लक्ष ठेवणारं माणूस निम्मं करायचं. कारखान्यात कुणी असा ठराव आणला असता तर मी त्याला पाच पानी पत्र पाठवलं असतं. इथे सामोसा गरम होता.

आईची तिथी त्या वर्षी मंगळवारी येत होती. मी ती रविवारी घेतली. आईने जन्मभर माझ्या सुट्टीप्रमाणे सण केले, तिथीनेही करायला हरकत नव्हती. फळ्यावर जेवणाच्या रकान्यात जागा मिळवली. भात, वरण, भोपळ्याची भाजी, खीर हे संस्थेच्या स्वयंपाकघरात, आणि वडे घरून. तिथीला आई भरडाचे वडे करायची, आणि तेव्हा, घसा धड असताना, दादा त्यातले सहा-सात सहज खायचा. बायकोने सकाळी सातला तळले. गुडघ्यामुळे ती आली नाही. मी डबा आणि चौकटीतला आईचा फोटो गाडीत ठेवून एकटाच आलो.

मी पोचलो तेव्हा एका पहिल्या वाढदिवसाची माणसं निघत होती. हॉलमध्ये फुगे, चिकट फरशी, आणि मावशी एकट्या चार ठिकाणी पुरत होत्या. दादा मला बघून म्हणाला, "बाळ." मी त्याच्याशेजारी बसलो, डबा उघडला. वडे बारापर्यंत चामड्यासारखे झाले होते.

"भाऊ, दादाला वडा नको हां," मावशी लांबूनच म्हणाल्या. "द्या इकडं. खिरीत कुस्करते, मग भरवते."

"एकच तुकडा, मावशी. आईचा वडा आहे."

"आईचा असला तरी घसा दादाचा हाय ना."

खरं सांगायचं तर मला त्या घशाची नाही, फोटोची काळजी होती. आमच्या घरच्या ग्रुपवर बहीण, चुलत भावंडं, मामेभाऊ, सगळे सकाळपासून विचारत होते, दादाला भेटलास का, आईची तिथी कशी झाली. मला त्यांना एक फोटो टाकायचा होता: मागे आई, पुढे दादा, माझ्या हातात आईचा वडा. वाटीतला लगदा फोटोत चांगला दिसत नाही. ओकारीसारखा दिसतो. आणि आईची चौकट गाडीत राहिली होती.

"मावशी, जरा गेटपाशी गाडीतून आईचा फोटो आणता का? मागच्या सीटवर आहे."

"मी गेले तर इकडं कोण बघणार? आज मी एकटीच हाय."

"मी आहे ना इथे. कारखान्यात पाचशे माणसांची सुरक्षा बघतो मी."

"ती पाचशे आपल्या हातानं जेवतात, सायेब."

एरवी त्या मला भाऊ म्हणत. सायेब म्हणाल्या की समजावं. मी गाडीची किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली, हात पदराला पुसले, आणि जाता जाता दादाच्या डोक्यावर टपली मारली. "मी येईस्तवर काय खाऊ नको रं. बसून राहा."

दादा बसून राहिला. तो सांगितलेलं ऐकतो. पण मी बाळ होतो, आणि बाळने हात पुढे केल्यावर त्याने तोंड उघडलं.

मावशी परत आल्या की वडा भरवू देणार नाहीत, म्हणून चौकटीची वाट न बघता मी फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता, दहा सेकंदांचा टायमर लावून. पहिला फोटो हलला. तोवर पहिला तुकडा दादाच्या तोंडात गेला होता. दुसऱ्यांदा टायमर लावला आणि परत येऊन बसलो, तर दादा माझ्याकडे तोंड करून आ करत होता. जीभ वर, जीभ खाली. तो मला दाखवत होता. हाय अजून, असं दाखवत होता. मी महिन्यामागून महिने मावशींना त्याच्याशी हे करताना पाहिलं होतं, फसणाऱ्या पाहुण्यांना हसलो होतो, गाडीत बायकोला नक्कल करून दाखवली होती. आणि त्या क्षणी मला एवढंच दिसलं की तोंड उघडं आहे, फोटो चांगला येईल. मी दुसरा तुकडा आत ठेवला. क्लिक झालं.

मग मी फोन घेऊन उभा राहिलो आणि मजकूर टाइप करू लागलो. 'आईच्या तिथीनिमित्त दादासोबत'. जोडलेले हात, फूल, दिवा. पाठवला. पहिला अंगठा आला, दुसरा आला. मागे थाळी पडल्याचा आवाज झाला म्हणून वळलो.

दादाचा चेहरा जांभळा झाला होता. तोंड उघडं, आवाज नाही. हात थाळीवर आपटत होता. मी त्याच्यासमोर उभा होतो, हातात फोन, आणि रबरी पुतळ्याच्या पाठीवर किती थापा मारतात ते मला आठवत होतं. पाच. आकडा आठवत होता, हात हलत नव्हते.

मावशी दारातून आत आल्या तेव्हा आईची चौकट त्यांच्या काखेत होती. ती खाली पडली, काच फुटली. त्या काचेवरूनच अनवाणी धावत आल्या, दादाला कमरेतून पुढे वाकवलं आणि पाठीवर थापा घातल्या. चौथ्या थापेला एक तुकडा जमिनीवर पडला. मग त्यांनी दोन बोटांनी उरलेला काढला. दादाने श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज भांडं खरवडल्यासारखा होता. मावशींनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या पायातून रक्त येत होतं.

थोडं अन्न छातीत गेलं होतं. दादा अकरा दिवस दवाखान्यात राहिला. मी गाडीतून त्याला नेताना सिग्नलला थांबलो आणि सर्वांत आधी ग्रुपवरचा फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. बहिणीचा मेसेज आला, काय होतं रे? मी लिहिलं, चुकून दुसराच गेला.

दादा परत आल्यावर अधीक्षकांच्या ऑफिसात बैठक झाली. अध्यक्ष, अधीक्षक, मी, आणि दारापाशी उभ्या मावशी. दादालाही आणून बसवलं होतं, त्याची तब्येत सुधारली हे सगळ्यांना दिसावं म्हणून. अध्यक्ष म्हणाले, "चौकशी व्हायला हवी, आणि ती तज्ज्ञ माणसाने करायला हवी. आपलं भाग्य की असा माणूस समितीतच आहे." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नम्रपणे मान हलवली.

मावशी म्हणाल्या, "मला यांनीच पाठवलं गाडीकडं. ईचारा त्यांना."

अधीक्षकांनी मला विचारलं नाही. नुसतं बघितलं, म्हणजे मला हवं ते उत्तर देता यावं. मी म्हणालो, "गडबडीत मावशींचा काही गैरसमज झाला असेल." वाक्य असं की कुणी खोटं म्हणू शकणार नाही. मी असली वाक्यं पगार घेऊन लिहितो.

मग अध्यक्षांना उगाच प्रेम आलं. ते दादाकडे झुकून मोठ्याने, जसं बहिऱ्याशी बोलतात तसं म्हणाले, "काय दादा? कुणी दिला हो वडा?"

दादाने हात उचलला, बोट माझ्याकडे केलं आणि म्हणाला, "बाळ."

सगळ्यांच्या माना बोटाच्या दिशेने माझ्याकडे वळल्या. मग अध्यक्षांचे डोळे पाणावले. "भावावर किती जीव आहे बघा," ते म्हणाले. "विचारलं काय, आणि हाक कुणाला मारतो!" अधीक्षकांनी रुमाल काढला. मीही दादाच्या पाठीवर हात फिरवला. दादा पुन्हा म्हणाला, "बाळ," जरा जोरात. मी त्याला गप्प केलं. मावशी दारातून हसल्या. तसं हसणं मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

अहवाल मी आठवड्यात लिहिला. अकरा पानं, हॉलचा नकाशा, बसण्याच्या जागा बाणांनी दाखवलेल्या. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे: अपघात झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. मी विचारलं. घास का अडकला? कोरडा पदार्थ दिला गेला. का दिला गेला? कर्मचारी जागेवर नव्हती. का नव्हती? जागा सोडून गेली. चौथा 'का' माझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी पान उलटलं. 'दिला गेला' हा प्रयोगही माझाच, कर्ता कुठे सापडायचा नाही. फुटलेल्या काचेबद्दल मी स्वतंत्र परिच्छेद लिहिला: 'सदर कर्मचाऱ्याच्या हातून काचेची वस्तू पडल्याने दुय्यम धोका निर्माण झाला.' हे लिहिताना माझ्या घरी भिंतीला टेकून ठेवलेली ती बिनकाचेची चौकट समोरच होती. आणि दादाच्या नावापुढे, साक्षीदारांच्या यादीत: 'रहिवासी निवेदन देण्यास सक्षम नाही.'

मावशींना काढलं. सामान घेऊन जाताना त्या मला व्हरांड्यात भेटल्या. मला वाटलं, शिव्या देतील. तयारीही केली होती, खाली मान घालायची. त्या म्हणाल्या, "भाताला ताक नका लावू, त्याला ठसका लागतो. वरणच लावा. आणि दाखव बोलायला सांगा कोणालातरी." आणि फाटकाकडे चालू लागल्या. टाचेला पट्टी होती.

माझ्या शिफारशी सगळ्या अमलात आल्या. संस्थेत कॅमेरे बसले. हॉलच्या भिंतीवर आता माझ्याच कारखान्यातून आलेली 'सुरक्षा प्रथम' ही पाटी आहे. पाहुण्यांना भरवायला हातमोजे देतात. आणि 'धोका समूळ टाळण्यासाठी' चाळीसही जणांना सगळं एकत्र कालवून, मिक्सरमधून काढून देतात. ज्यांचे दात शाबूत आहेत, ज्यांना ऊस सोलून खाता येतो, त्यांनाही. भात, भाजी, आमटी, केळं, एकच रंग. पंचेचाळीस मिनिटांचं जेवण बारा मिनिटांत उरकतं. रविवारी हॉलवर अजूनही एकच मावशी. वार्षिक कार्यक्रमात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल मी थंडीत वापरतो. उबदार आहे.

हे सगळं असंच जिरून गेलं असतं. पण गेल्या महिन्यात शिळफाट्याला मी भाजी घेत होतो, आणि कोथिंबिरीच्या जुडीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "ओळखलं का, सायेब?"

मावशीच. हातात दोन जड पिशव्या. मी विचारलं, कुठे असता, काय करता.

"फार्महाउसला हाय. कुत्री सांभाळते. तीन हायत."

"बरं आहे."

"लय बरं. त्यांचा पण चार्ट हाय भिंतीवर. कुणाला काय, किती, कुठल्या वेळी. पाहुण्यांनी बिस्कीट टाकलं तरी मालक वरडतात. इथं चार्ट पाळतात, सायेब."

मला हसू आलं आणि मधेच अडकलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"शाल मिळाली म्हणं तुम्हाला."

"हो."

"थापा मी मारल्या, शाल तुमच्या पाठीवर." आणि हसल्या, पण हे हसणं साधं होतं, बाजारातलं. मग चेहरा बदलला. "दादा कसा हाय?"

"बरा आहे. मऊच देतात आता."

"सगळं घोटून देत असतील."

"हो."

"दाखव बोलतं का कोण त्याला?"

मी वांगी बघू लागलो.

"तुमी तरी बोलता का?"

"हो," मी म्हणालो. "बोलतो ना."

दोन वर्षांनी, भर बाजारात, वांगी हातात घेऊन मी त्या बाईशी पुन्हा खोटं बोललो. त्यांना ते कळलं. "हं," एवढंच म्हणाल्या. टेंपो आला, त्या चढल्या.

पुढच्या रविवारी मी संस्थेत गेलो. फळ्यावर कुणाच्या तरी गृहप्रवेशाचं जेवण होतं. ते मिक्सरमधून निघून वाट्यांत आलं होतं. दादा खूप वाळला आहे. नवी मावशी हातमोजा घालून भराभर चमचे घालत होती. दोन चमच्यांमध्ये दादा आ करत होता, कुणीही बघत नसताना, जीभ वर, जीभ खाली. दोन वर्षं तो हेच करत असणार. मी चमचा मागून घेतला, एक घास दिला, थाळीच्या कडेवर बोट ठेवून थांबलो. त्याने गिळलं. मी म्हणालो, "दाखव."

दादा थबकला. त्याने आ केला नाही. वळून माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, बराच वेळ. दारात कुणी नव्हतं. मग त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. रिकामं होतं. शाब्बास म्हणायला मला जमलं नाही.

फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. ग्रुपवरून पुसला, फोनमधून पुसला नाही. का, ते मला विचारू नका, कदाचित अहवाल लिहिणाऱ्याला पुरावा फेकवत नसेल. मोठा करून बघितला की दादाच्या जिभेवर पहिला तुकडा अख्खाच्या अख्खा दिसतो, आणि समोर दुसरा धरलेली माझी बोटं.

हे वाचून अधीक्षकांचा फोन येईल. सर, भावनेच्या भरात लिहिलंत, आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार, असं ते म्हणतील. अध्यक्षांचे डोळे पुन्हा पाणावतील. येऊ द्या फोन.

मावशींना ज्या टेबलापाशी, ज्या माणसांसमोर दोषी ठरवलं, त्याच टेबलापाशी, त्याच माणसांसमोर, त्यांना तिथे बसवून, तो फोटो ठेवून सांगायचं आहे की त्यांना मी पाठवलं आणि वडा मी घातला. त्यांची जागा त्यांना परत देऊ करायची आहे. घ्यायची की नाही ते त्या ठरवतील. रविवारच्या ठरावावरची माझी सही मागे घ्यायची आहे. आणि अहवालात, 'निवेदन देण्यास सक्षम नाही' ही ओळ खोडून, त्या जागी दादाचं निवेदन लिहायचं आहे. ते एका शब्दाचं आहे, आणि ते खरं होतं. एवढं मी त्या दोघांचं देणं लागतो. यातलं अजून काहीही मी दिलेलं नाही.